मशीनवर विणलेला स्वेटर, हाताने केलेला गळा: गुंडी, काज आणि गळपट्टी समजून घ्या

डिसेंबर आला की पुण्यात पहाटेचा गारवा जाणवू लागतो आणि कपाटातली लोकर बाहेर निघते. याच दिवसांत घरात बारसं असेल तर बाळंतविडाही तयार होत असतो. झबलं, टोपडं, कुंची, दुपटं, पायमोजे आणि एक छोटा स्वेटर. हा स्वेटर पूर्वी दोन सुयांवर विणला जायचा. आता तो अनेकदा घरगुती निटिंग मशीनवर विणलेला असतो.

मशीनवर बाळाच्या स्वेटरची पाठ, पुढचे भाग आणि बाह्या एका दुपारीत निघू शकतात. तरीही स्वेटर त्या दिवशी पूर्ण होत नाही. गळा आणि बटणं राहतात, आणि ही दोन कामं बहुतेक हातानेच करावी लागतात. स्वेटर बाळाच्या डोक्यातून जाणार की नाही, चार धुण्यांनंतर गळा लोंबणार की नाही आणि बटण बाळाच्या तोंडात जाणार की नाही, हे सगळं इथेच ठरतं.

मशीन नेमकं काय विणतं?

विणकामाचं पहिलं यंत्र इंग्लंडमधल्या विल्यम ली यांनी १५८९ मध्ये बनवलं. ते मोजे विणण्यासाठी होतं. आजच्या घरगुती मशीनमध्ये जी सुई असते, ती मात्र मॅथ्यू टाउनसेंड यांनी पेटंट घेतलेल्या सुईच्या जातीची आहे. या सुईच्या टोकाला आकडा असतो आणि आकड्याला उघडझाप करणारी छोटी कडी असते. सुई पुढे गेली की जुना टाका कडीच्या मागे सरकतो. मागे येताना ती नवा धागा पकडते, कडी मिटते आणि जुना टाका तिच्यावरून उतरतो. एक टाका तयार.

नेहमीच्या घरगुती मशीनवर अशा २०० सुया एका ओळीत असतात आणि दोन सुयांमध्ये साडेचार मिलिमीटर अंतर असतं. वरून कॅरेज एकदा सरकवलं की एक ओळ विणून होते. जाड लोकरीसाठी जास्त अंतरावर सुया असलेली मशीन वेगळी मिळतात.

सुयांची एकच पाटी असलेलं मशीन एकाच प्रकारचं कापड देतं. समोरून सगळे टाके सुलट, मागून सगळे उलट. या कापडाला एक खोड असते, ते कडांना गुंडाळलं जातं. दोन्ही बाजूच्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे वळते. म्हणून गळा नुसता मोकळा सोडता येत नाही. पट्टी लावली नाही तर तो वळकटीसारखा गुंडाळतो.

ताणून पुन्हा मूळ जागी येणारी वीण म्हणजे रिब. एक सुलट, एक उलट किंवा दोन सुलट, दोन उलट अशी. ती मशीनवर काढायची तर सुयांची दुसरी पाटी, म्हणजे रिबर लागतो. तो नसेल तर रिब हाताने विणावी लागते.

गळ्याचं काम अवघड का?

पाठ आणि बाही म्हणजे बहुतेक सरळ ओळी. गळा मात्र गोल असतो आणि त्या गोलात तीन वेगवेगळ्या कडा येतात:

- मधला आडवा भाग. इथे टाके मोकळे असतात किंवा बंद केलेले असतात.
- दोन्ही बाजूंचा तिरका भाग. इथे दर ओळीला किंवा दोन ओळींना टाके कमी केलेले असतात.
- खांद्याकडे जाणारा उभा भाग. इथे टाके नसतात, ओळींच्या कडा असतात.

तिन्हींवरून एकच पट्टी सलग फिरवायची असते, आणि सगळ्यात जास्त चुका उभ्या भागात होतात. कारण लोकरीच्या कापडात टाक्याची रुंदी आणि ओळीची उंची सारखी नसते.

समजा, दहा सेंटीमीटरच्या तुकड्यात आडवे २८ टाके आणि उभ्या ४० ओळी बसतात. आता उभ्या कडेवर प्रत्येक ओळीला एक टाका उचलला तर दहा सेंटीमीटरमध्ये ४० टाके येतील, जागा मात्र २८ टाक्यांचीच आहे. पट्टीला लाटा येतील. उलट खूप कमी टाके उचलले तर कड आवळेल. म्हणून उभ्या कडेवर साधारण चार ओळींमागे तीन टाके उचलायचे, हा प्रचलित हिशोब आहे. आडव्या भागात मात्र प्रत्येक टाका घ्यायचा. तिरक्या भागात दोन टाक्यांच्या मध्ये भोक दिसलं तर तिथे एक टाका जास्त उचलून तो पुढच्या ओळीत शेजारच्या टाक्यात मिळवून टाकायचा.

दुसरी अडचण वजनाची. मशीनवर कापड खाली खेचून धरण्यासाठी वजनं लावलेली असतात. त्यामुळे मशीनवरून उतरलेला तुकडा खऱ्यापेक्षा लांब आणि अरुंद दिसतो. तो रात्रभर सपाट ठेवून, शक्य असेल तर ओला करून वाळवून मगच गळा मोजायचा. घाईत मोजलेला गळा पहिल्या धुण्यात बदलतो.

गळा पूर्ण करण्याच्या चार पद्धती

१. दुमडपट्टी. एक खांदा जोडायचा, गळ्याची कड पुन्हा मशीनच्या सुयांवर चढवायची आणि हव्या त्या रुंदीच्या दुप्पट पट्टी विणायची. मधली एक ओळ सैल ठेवली की तिथून पट्टी नीट दुमडते. शेवटी वेगळ्या रंगाच्या टाकाऊ धाग्याच्या काही ओळी विणून कापड मशीनवरून उतरवायचं. पट्टी दुमडून प्रत्येक मोकळ्या फासातून बारीक उलटी टीप घालायची आणि टाकाऊ धागा उसवून काढायचा. एक फास जरी सुटला तरी तिथून शिडीसारखी उसवण सुरू होते.

२. हाताची रिब. गळ्याभोवती टाके उचलून दोन टोकांच्या किंवा गोल सुयांवर रिब विणायची. सुई अंगाच्या विणीपेक्षा एक-दोन नंबर बारीक घ्यायची, म्हणजे गळा घट्ट बसतो. टाके बंद करताना मात्र हात सैल ठेवायचा. बंद करायची ओळ घट्ट झाली तर खाली कितीही लवचिक रिब असली तरी गळा ताणत नाही.

३. क्रोशाची कड. सुती किंवा हलक्या कपड्यासाठी आणि लहान बाळाच्या पुढून उघड्या स्वेटरसाठी ही सोपी पद्धत. खांब न घालता साध्या टाक्याच्या दोन-तीन ओळी पुरतात. ही कड फार ताणत नाही, म्हणून डोक्यातून घालायच्या स्वेटरला ती एकटी वापरू नये.

४. लिंकिंग. लुधियानासारख्या होजिअरीच्या केंद्रांत यासाठी वेगळं यंत्र असतं. त्यावर गोल चकतीला दातांसारखे खिळे असतात. कारागीर पट्टीचा एकेक फास एकेका खिळ्यावर चढवतो आणि मग यंत्र साखळीटाक्याने तो जोडतं. म्हणजे कारखान्यातही स्वेटरचा गळा पूर्णपणे आपोआप होतो असं नाही, फास चढवणारी नजर माणसाचीच असते.

लोकर अ‍ॅक्रिलिकची असेल तर आणखी एक काळजी घ्यायची. बाजारातली बरीचशी ‘लोकर’ ही अ‍ॅक्रिलिक असते. तिच्यावर गरम इस्त्री किंवा वाफ दिली की धागा कायमचा मऊ आणि निर्जीव होतो. रिबवर इस्त्री फिरली तर ती सपाट होते आणि पुन्हा आवळत नाही. गळा चांगला विणलेला असूनही लोंबतो, त्याचं हे एक नेहमीचं कारण.

बाळाचं डोकं आणि झबल्याचा बंद

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सरासरी ३५ सेंटीमीटर असतो आणि छातीचा साधारण ३३. म्हणजे डोकं छातीपेक्षा मोठं! वर्षभराचं होईपर्यंत दोन्ही घेर जवळपास सारखे, ४६ सेंटीमीटरच्या आसपास येतात. त्यानंतर छाती पुढे जाते. गळ्याचा घेर मात्र डोक्याच्या जवळपास निम्माच असतो.

मोठ्यांच्या स्वेटरचं प्रमाण लहान करून बाळाचा स्वेटर विणला तर तो डोक्यात अडकतो, तो यामुळे. बाळ रडतं, आई घाबरते आणि स्वेटर कपाटात जातो.

आपल्याकडच्या जुन्या कपड्यांत हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. झबलं डोक्यातून घालायचं नसतं. ते उघडं असतं, हात सरकवायचे आणि बंद बांधायचे. मोठ्यांच्या बाराबंदीचंही तेच तत्त्व, अंगावर गुंडाळायची आणि बंदांनी बांधायची. माप थोडं पुढेमागे झालं तरी बंद सांभाळून घेतो.

मशीनच्या स्वेटरसाठी तीन पर्याय उरतात. पहिला, पुढून पूर्ण उघडा स्वेटर. दुसरा, झबल्यासारखा एकावर एक पदर येणारा. तिसरा, एक खांदा न जोडता तिथे पट्टी करून दोन-तीन बटणं लावणं. तिन्हींमध्ये गळ्याला बटण किंवा बंद येतोच. म्हणून गळा आणि बटण ही दोन वेगळी कामं नाहीत, एकाचंच माप दुसऱ्यावर अवलंबून असतं.

गुंडी हातानेच का करायची?

पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेत बटणांची कमी नाही. पण लोकरीच्या कपड्यावर तयार बटण लावताना तीन गोष्टी नडतात. रंग हुबेहूब जुळत नाही. बटण जड असेल तर त्याच्या वजनाने पट्टी खाली ओढली जाते. आणि भोकाची कड धारदार असेल तर धागा हळूहळू कापला जातो.

कापडाची किंवा दोऱ्याची गुंडी आणि तिला अडकवायचा फास ही जोडी आपल्याकडे जुनीच आहे. प्लास्टिकचं बटण येण्याआधी सदऱ्याला आणि बंडीला अशाच गुंड्या असायच्या. तीच कल्पना लोकरीला लागू होते. उरलेल्या लोकरीतूनच गुंडी होते, रंग तोच राहतो, वजन जवळपास शून्य आणि धुताना वेगळी काळजी लागत नाही.

क्रोशाची गोल गुंडी. दोऱ्याच्या फासात साधे ६ टाके घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसरी फेरी १२ टाक्यांची तशीच. चौथ्या फेरीत दोन-दोन टाके मिळवून पुन्हा ६. आत त्याच लोकरीचे तुकडे दाबून भरायचे, तोंड आवळायचं आणि शेपूट लांब ठेवायचं. ते शेपूट गुंडी शिवायला उपयोगी पडतं. क्रोशाची सुई बारीक घेतली तर आतलं भरण बाहेर डोकावत नाही.

दोरीची गाठगुंडी. ही मशीनवरच सुरू होते. तीन किंवा चार सुयांवर, कॅरेज जाताना विणेल आणि येताना न विणता परतेल असं लावायचं. धागा मागून आडवा येत राहतो आणि सपाट पट्टीऐवजी गोल दोरी तयार होते. या दोरीची दोन-तीन वेटोळ्यांची गाठ आवळली की गुंडी तयार. उरलेल्या दोरीचा फास करता येतो.

कडीची गुंडी. पडद्याच्या छोट्या कडीभोवती काजटाका घालत जायचं, ती पूर्ण झाकली की आडव्या-उभ्या दोऱ्यांचे चाकासारखे आरे ताणायचे आणि त्यांवर मधून बाहेर गोल विणत यायचं. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात हा मोठा गृहोद्योग होता. अब्राहम केस यांनी १६२२ मध्ये शाफ्ट्सबरी इथे तो सुरू केला आणि पुढे तिथल्या खेड्यांतल्या हजारो बायका-मुलांचं घर त्यावर चालू लागलं. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात बटणं बनवणारं यंत्र दाखवलं गेलं आणि काही वर्षांतच हे काम बसलं. अनेक कुटुंबांना देशांतर करावं लागलं.

करवंटीचं बटण. नारळाच्या करवंटीतून गोल चकती कापून, पॉलिश पेपरने घासून, दोन भोकं पाडून हे बटण होतं. मोठ्यांच्या जाड स्वेटरवर ते शोभतं. भोकांच्या आतल्या कडा मात्र नीट घासलेल्या हव्यात, नाहीतर दोरा तुटतो. नाजूक विणीवर ते जड होतं.

काज: कापायचं नाही, विणायचं

शिवलेल्या कपड्यात काज कापून त्याच्या कडा भरतात. मशीनच्या विणीला कात्री लावली तर टाके सुटत जातात. म्हणून काज विणतानाच ठेवायचं.

छोट्या गुंडीसाठी एक टाका उचलून शेजारच्या सुईवर द्यायचा आणि रिकामी झालेली सुई कामातच ठेवायची. पुढच्या ओळीत तिच्यावर नवा धागा पडतो आणि छोटं भोक तयार होतं. बाळाच्या स्वेटरला एवढं पुरतं. मोठ्या बटणासाठी तीन-चार टाके तेवढ्यापुरते टाकाऊ धाग्याने विणायचे. नंतर तो धागा काढून वरचे-खालचे मोकळे फास मूळ लोकरीने बंद करायचे. काज ठेवायचं राहूनच गेलं तर कडेला दोऱ्याचे दोन-तीन पदर ताणून त्यावर काजटाका घालायचा. हा बाहेरचा फास गुंडीला उत्तम बसतो.

लोकर ताणते, म्हणून काज बटणापेक्षा किंचित लहान असावं. घालताना थोडा जोर लागला तरच बटण नंतर आपोआप सुटत नाही.

अंतराचा हिशोब साधा आहे. पट्टी २४ सेंटीमीटर आणि बटणं पाच असतील तर वर-खाली दीड-दीड सेंटीमीटर सोडायचे. उरले २१. पाच बटणांमध्ये अंतरं चार, म्हणजे प्रत्येकी सव्वापाच सेंटीमीटर. आधी बटणांच्या जागा खुणा करून ठरवायच्या, मग समोरच्या पट्टीत त्या ओळींवर काज ठेवायचं. सगळ्यात वरचं बटण गळपट्टीच्या मध्यावर आलं की गळा उघडा पडत नाही.

बटण शिवताना लोकरीऐवजी त्याच रंगाचा मजबूत शिवणाचा दोरा घ्यावा. पट्टीच्या आतल्या बाजूला एक छोटं सपाट बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवली तर ओढ एका टाक्यावर येत नाही. बटणाखाली दोऱ्याचे चार वेढे देऊन छोटी मान ठेवली की पट्टीची जाडी तिथे आरामात बसते.

बाळाच्या बाबतीत इथे तडजोड नको

हातात येईल ते तोंडात घालणं हा बाळाचा स्वभाव आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत लहान सुटे भाग चालत नाहीत. त्याची चाचणी ३१.७ मिलिमीटर रुंदीच्या नळकांड्याने करतात. जो भाग त्यात पूर्ण बसतो, तो घशात अडकू शकतो असं मानलं जातं. स्वेटरचं जवळपास प्रत्येक बटण त्यात बसतं. घरी केलेली मऊ गुंडीही याला अपवाद नाही, कारण ओली लोकरसुद्धा श्वास अडवू शकते.

म्हणून बाळाच्या स्वेटरवर गुंडी लावली की ती बोटांत धरून सगळ्या दिशांनी जोरात ओढून पाहायची. खेळण्यांच्या युरोपीय मानकात अशा भागाला ९० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे नऊ किलो वजनाइतकी ओढ सोसावी लागते. घरच्या हाताने तेवढं मोजता येत नाही, पण ‘ओढायला भीती वाटते’ अशी गुंडी बाळाच्या अंगावर नकोच. प्रत्येक धुण्यानंतर ती पुन्हा तपासायची.

बटण नको म्हणून लांब बंद लावणं हाही उपाय नव्हे. लहान मुलांच्या कपड्यांत गळ्याशी आणि टोपीला दोऱ्या ठेवण्यावर युरोपात निर्बंध आहेत, कारण दोरी कुठेतरी अडकून गळ्याला फास बसू शकतो. झबल्याचे बंद आखूड ठेवावेत आणि गळ्याऐवजी बगलेजवळ, बाजूला बांधावेत. कुंची आणि टोपडं झोपताना काढून ठेवावं.

‘एवढंसं तर आहे’ आणि मजुरी

विणकाम-शिवणकाम हा पुण्यातल्या अनेक बायकांसाठी घरबसल्या कमाईचा मार्ग राहिला आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना शिवणकामासारखी कौशल्यं दिली ती याच विचारातून, की हातातल्या कामाला बाजारात किंमत मिळावी.

आज मशीनवर ऑर्डर घेणाऱ्यांचा हिशोब नेमका इथे चुकतो. ग्राहक म्हणतो, “मशीनवरच तर विणायचं आहे, एवढंसं तर आहे.” समजा, अंग आणि बाह्या दोन तासांत विणून झाल्या, आणि टाके उचलणं, गळपट्टी, पाच काजं, पाच गुंड्या, जोडणी यांना चार तास गेले. लोकरीच्या वजनावर किंवा मशीनच्या वेळेवर भाव लावला तर सहापैकी चार तास फुकट गेले. डॉर्सेटच्या बायकांना यंत्राशी स्पर्धा करावी लागली. इथे यंत्र मदतीलाच आहे, पण हाताचं काम त्याच्या सावलीत दिसेनासं होतं. म्हणून विणकाम आणि फिनिशिंग यांची मजुरी वेगवेगळी सांगणं दोघांच्याही सोयीचं.

विकत घेताना काय पाहावं?

- गळा दोन्ही हातांनी ताणून सोडा. तो लगेच जागेवर यायला हवा.
- पट्टीला लाटा किंवा चुण्या नकोत. असतील तर टाके कमी-जास्त उचललेले आहेत.
- गळा उलटा करून आतली शिवण पाहा. मोकळा फास दिसला तर तो आजच शिवून घ्या.
- बटण लावून पट्टी उभी धरा. बटणाच्या वजनाने ती झुकायला नको.
- बाळासाठी असेल तर प्रत्येक बटण ओढून पाहा, आणि डोक्याचा घेर टेपने मोजून न्या.

गळा आधीच लोंबला असेल तर स्वेटर टाकून द्यायची गरज नाही. उचलून विणलेली पट्टी अंगाच्या विणीला धक्का न लावता उसवता येते. जुनी पट्टी काढायची, टाके पुन्हा मोजून उचलायचे, नवी विणायची आणि गुंड्या काढून परत लावायच्या. बाळंतविड्यातला स्वेटर धाकट्या भावंडाला जाताना तेवढं केलं की पुरतं.